काळ्या मातीतला नकोसा स्विमिंग पूल: बुजवावा, झाकावा की ठेवावा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. जळगावच्या बाहेर काळ्या जमिनीतला बंगला तुम्ही विकत घेतला. मागच्या अंगणात जुन्या मालकाने बांधलेला स्विमिंग पूल आहे, ३० बाय १५ फुटांचा, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट खोल. घराची भिंत तिथून १२ फुटांवर. आखाजीला लेकी-नातवंडं आली की चार दिवस त्याचा उपयोग, बाकी वर्षभर हिरवं पाणी आणि डास. बोअर एप्रिलमध्ये दम टाकतं आणि मे महिना टँकरवर जातो. ठेकेदार म्हणतो, पाणी उपसा, शेजारच्या तोडफोडीचा मलबा ओता, वर माती पसरा, दोन दिवसांचं काम. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

खड्डा दोन दिवसांत भरेल, त्यात शंका नाही. रडगाणं पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होतं. पूल म्हणजे जमिनीत पुरलेलं काँक्रीटचं भांडं, आणि मलबा भरला म्हणून त्याचं भांडंपण जात नाही. पावसाचं पाणी वरून मुरतं, तळाला वाट नाही म्हणून आतच साचतं. मलब्यातल्या पोकळ्यांमध्ये वरची माती हळूहळू उतरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत अंगणाच्या मधोमध परातीसारखा खळगा पडतो. आत साचलेलं पाणी भिंतीच्या भेगांतून बाजूच्या काळ्या मातीत जातं. ती माती तुमच्या घराच्या पायाखालीही आहे. म्हणून पूल राहणार की जाणार हे ठरवण्याआधी, या जागेवर पडणारं आणि या जागेखाली चढणारं पाणी कुठे जाणार, ते ठरवावं लागतं. बुजवलं, झाकलं किंवा आहे तसं ठेवलं, तरी हा प्रश्न सुटत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या सरी बसल्या की ती फुगून त्या भेगा गिळते. ती फुगताना वर उचलते तशी आडवीही ढकलते. भरलेल्या पुलात आतलं पाणी भिंतीला बाहेरच्या दिशेने ढकलत असतं, म्हणून मातीचा जोर तोलला जातो. पूल रिकामा केला की तो तोल गेला. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-चोपड्याकडे दगडगोट्यांची, पाणी झटकन पिणारी जमीन आहे किंवा धुळ्याकडे कमी खोलीवर मुरूम लागतो, तिथलं उत्तर वेगळं. खाली लिहितोय ते तुमच्या काळ्या जमिनीसाठी.

पहिली गोष्ट, आज लगेच पंप लावून पूल रिकामा करू नका. विशेषतः जून ते नोव्हेंबर या काळात तर नकोच. जमिनीतलं पाणी तळाच्या काँक्रीटला खालून वर दाबतं. एक फूट उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०५ किलो. तुमच्या पुलाचा तळ सहा इंच जाड असेल तर त्याचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३७५ किलो. म्हणजे तळाच्या खालच्या पातळीपासून पाणी सव्वा फूट वर चढलं की रिकाम्या तळाचं वजन त्याला पुरत नाही. भिंतींचं वजन आणि सळईची पकड थोडं सांभाळून घेतात, म्हणून आख्खा पूल क्वचितच वर येतो. पण खोल टोकाचा तळ मधोमध फुगून तडकणं ही नेहमीची गोष्ट. काही पुलांच्या तळात हा दाब सोडणारा एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षं उघडला नसेल तर चुन्याच्या थराने बसलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

उपसण्यासाठी योग्य काळ मार्च ते मेची अखेर. भूजल खाली असतं आणि हाताशी वेळ असतो. पूल टिकवायचा असेल तर भर उन्हात कोरडा ठेवणंही बरं नाही. ४४-४५ अंशांत फरशा तापून प्रसरण पावतात आणि पापडासारख्या सुटतात. तसं काम फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये उरकावं किंवा वर हिरवी शेडनेट ताणावी. बुजवायचंच ठरलं तर फरशांची काळजी सोडा.

तोवर तीन तपासण्या करा. तिन्हींना मिळून एक बादली, एक कुदळ आणि शेजाऱ्याची विहीर लागते.

बादलीची तपासणी अशी. पंप बंद करा. पुलाच्या पायरीवर बादली ठेवून आत आणि बाहेर पाणी एकाच उंचीवर आणा, दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. २४ तासांनी दोन्ही पातळ्या मोजा. बादलीतली घट म्हणजे निव्वळ बाष्पीभवन. समजा बादली ८ मिलिमीटर उतरली आणि पूल २५, तर १७ मिलिमीटर गळती. तुमच्या पुलाचा पृष्ठभाग ४५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर. १७ मिलिमीटरचे दिवसाला ७०० लिटर झाले, आणि ते रोज घराच्या पायाच्या दिशेने मुरतायत. घराच्या त्या बाजूच्या भिंतीला जिन्यासारखी तिरपी भेग दिसत असेल तर हाच पहिला संशयित. गळती दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर मोजमापातली चूक समजून सोडून द्या. जास्त असेल तर पाणी न भरता आपोआप उतरू द्या आणि ते कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या (भिंतीतलं, वरचा कचरा ओढणारं तोंड) पातळीशी थांबलं तर गळती स्किमरच्या जोडात, दिव्याच्या खोबणीशी थांबलं तर तिथल्या वायरच्या पाइपात. पाणी उतरतच राहिलं तर तळाची जाळी, तिची लाइन किंवा तळाचा तडा. ही उतरण्याची गंमतही उन्हाळ्यातच करायची.

कुदळ लागते ती भिंत कशाची आहे ते बघायला. कोपिंगच्या, म्हणजे पुलाच्या वरच्या काठाच्या, बाहेरून फूट-दीड फूट उकरा. काँक्रीट दिसलं तर ठीक. विटा दिसल्या तर विचार बदला. आपल्याकडे फार्महाउसला तळ आरसीसीचा आणि भिंती नऊ किंवा चौदा इंची विटांच्या, असे पूल सर्रास बांधलेले असतात. भरलेले असेपर्यंत ते उभे राहतात, रिकामे झाले की फुगणारी काळी माती त्यांना आत ढकलते. विटांचा पूल पुढे टाकी म्हणून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

तिसरी तपासणी विहिरीची. पोळ्याच्या सुमाराला जवळच्या विहिरीत जमिनीपासून किती फुटांवर पाणी आहे ते दोरी सोडून मोजा. सात-आठ फुटांच्या आत असेल तर तुमच्या पुलाचा खोल तळ दर पावसाळ्यात पाण्याच्या दाबाखाली असतो. विहीर नसेल तर पुलापासून दहा फुटांवर आठ फूट खोल हाताचं बोअर मारून त्यात भोकं पाडलेला पाइप उभा ठेवा, वर झाकण लावा. तीच तुमची छोटी विहीर. माती कुठपर्यंत काळी आहे आणि मुरूम कुठे लागतो हेही त्याच बोअरमध्ये कळतं. बुजवायचं ठरलं तर हा आकडा फार कामाला येतो.

आता पर्याय. जे तुमच्या कामाचे नाहीत ते पटकन बाजूला करतो.

शेताला पाणी द्यायला वापरू, असं बरेच जण म्हणतात. हिशेब करा: ३० गुणिले १५ गुणिले सरासरी पावणेपाच फूट म्हणजे सुमारे २,१४० घनफूट, साठ हजार लिटर. पाच बाय पाचवर लावलेल्या एकरभर केळीत साडेसतराशेच्या आसपास झाडं असतात. उन्हाळ्यात झाडाला रोज १५ ते २० लिटर धरले तर तीस हजार लिटर. तुमचा पूल दोन दिवसांत संपला. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं जवळपास २२ लाख लिटरचं असतं, पूल त्याचा छत्तिसावा हिस्सा. बंगल्यासाठी मोठा, शेतासाठी वाटीभर.

मासे पाळायचे तर उन्हात तापणारं उथळ पाणी, एअरेटर, वीज गेली की धावपळ. हौस असेल तर करा, उत्पन्नाची आशा नको. खोलगट बैठक किंवा खालच्या पातळीवरची बाग फोटोत छान दिसते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला की त्या खड्ड्यात नुसत्या आभाळातून ४,२०० लिटर येतात, आजूबाजूच्या फरशीवरचं वेगळं. पंप लागतो, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते. रिकामा राहिल्यामुळे तळाला खालून दाब बसण्याचा प्रश्नही तसाच.

नातवंडांसाठी थोडं पोहणं ठेवायचं असेल तर खोल टोक मुरूम-खडीने उचलून, वर नवा सळईचा तळ टाकून सगळा पूल साडेतीन फुटांचा करता येतो. पाणी साठवरून पंचेचाळीस हजार लिटरवर येतं, बुडण्याची भीती बरीच कमी होते. मात्र फिल्टर, पंप, क्लोरीन, रोजची जाळी मारणं तेवढंच राहतं. तुम्हाला नकोसं झालंय ते हेच, म्हणून हा खर्च मी सुचवणार नाही.

उरतात दोनच गोष्टी: झाकून पावसाच्या पाण्याची टाकी करणं, किंवा नीट बुजवणं. भिंत काँक्रीटची असेल आणि बादलीच्या तपासणीत पूल पास झाला तर मी टाकीच्या बाजूने आहे. ज्या घरात मे महिन्यात टँकर येतो त्या घराने साठ हजार लिटरचं तयार भांडं मातीने भरणं मला पटत नाही.

छत किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. १,५०० चौरस फूट धरू, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. जळगाव परिसरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वाया जाणारं वीस टक्के वजा करता ७८,००० लिटर हाती येतात. अवर्षणाच्या वर्षी ४५० मिलिमीटरच पडला तरी ५०,००० लिटर. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तर रोज ६७५ लिटर लागतात. साठ हजारांतले सोळा हजार शिल्लक ठेवायचे आहेत, कारण खाली सांगतो. राहिलेले ४४,००० लिटर ६५ दिवस पुरतात. एप्रिलच्या सुरुवातीपासून मृगापर्यंतचा काळ बरोबर भरून निघतो.

झाकण हवंच. उघड्या पाण्याची पातळी मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास उतरते, तुमच्या पुलाचे रोजचे चारशेवर लिटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत रोज सरासरी चार-साडेचार मिलिमीटर धरले तरी पाच महिन्यांत २५ ते २८ हजार लिटर हवेत जातात. म्हणजे वापरायला सुरुवात करायच्या आधीच जवळपास निम्मी टाकी संपलेली. शिवाय उजेड बंद झाला की शेवाळ थांबतं आणि डासांना दार राहत नाही.

वर आरसीसी स्लॅब टाकायचा मोह होईल. पुलाची भिंत पाण्याचा आणि मातीचा आडवा दाब घ्यायला बांधलेली असते, १५ फूट गाळ्याच्या स्लॅबचं वजन डोक्यावर घ्यायला नव्हे. स्लॅबच हवा असेल तर आतून स्वतंत्र कॉलम लागतात आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. घरगुती वापराला लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रे पुरतात. पाच-पाच फुटांवर आडवे बॉक्स सेक्शन, मध्ये एक आधाराची रांग. आधाराचे पाय तळाला भोक न पाडता रबराच्या गादीवर किंवा एक फूट चौरस काँक्रीटच्या पाट्यावर उभे करा. पाण्याच्या वाफेने लोखंड खालून सडतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड घ्या किंवा इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. सांगाडा कोपिंगला अँकर बोल्टने पक्का बांधा. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ याच पत्र्यांखाली शिरतं, म्हणून कडा उघड्या ठेवू नका. पत्र्यावर कोणी चढणार नाही अशी व्यवस्था करा, दोन फूट चौरसाचं कुलूपबंद झाकण ठेवा, आणि हवेसाठी दोन पाइप, तोंडाला डासाची जाळी. बंद टाकीत उतरायची वेळ आली तर आधी झाकण आणि बाजूचे दोन-तीन पत्रे काढून हवा खेळू द्या. एकट्याने उतरायचं नाही, बाहेर माणूस हवाच. साचलेल्या बंद जागेत प्राणवायू कमी झालेला डोळ्यांना दिसत नाही.

आतली दुरुस्ती: सुटलेल्या फरशा काढा, उरलेल्या राहू द्या. भिंत आणि तळ मिळतात तिथे पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचा गोल वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलाई, करा, बहुतेक गळती त्याच कोपऱ्यात असते. मग पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन थर, दुसरा थर पहिल्याला आडवा. तळाची जाळी, इनलेट, स्किमर यांच्या जुन्या लाइन निव्वळ बूच मारून सोडू नका. पाइप आतून फूटभर न आकुंचणाऱ्या ग्राउटने भरा, कारण जमिनीत गेलेली जुनी लाइन हीच चोरवाट असते. फरशी ॲसिडने धुऊ नका, ॲसिड सांध्यांतलं सिमेंट खातं. ब्लीचिंगच्या पाण्याने घासलं तरी पुरे.

गच्चीवरून येणाऱ्या पाइपला पहिल्या पावसाची धूळ-विष्ठा बाजूला काढणारा फाटा हवा. १४० चौरस मीटर छताचे पहिले दीड-दोन मिलिमीटर म्हणजे २०० ते २८० लिटर. एक मोठा ड्रम त्यासाठी राखून ठेवा आणि प्रत्येक मोठ्या खंडानंतर तो रिकामा करा. पुढे खडी-वाळूचा साधा फिल्टर, मग टाकी. भरून वाहणारं पाणी घरापासून दूर, उताराकडे नेणारा चार इंची पाइप आधीच टाका. हा पाइप विसरला की सप्टेंबरमधल्या एका रात्री टाकी कोपिंगवरून वाहते आणि काळी माती पायाशी फुगते. वर्षातून एकदा साठ हजार लिटरला ४०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत सोडा. धुणं, आंघोळ, संडास, कुंड्या यांना हे पाणी उत्तम. पिण्याला वापरायचं तर जिल्हा प्रयोगशाळेत तपासून, आणि फिल्टर लावून.

आता ते सोळा हजार लिटर. जूनच्या सुरुवातीला तुमची टाकी तळाला गेलेली असेल आणि तेव्हाच जमीन ओली व्हायला लागेल, म्हणजे दाबाचा धोका परत आला. खोल टोकाला अडीच फूट पाणी राखलं तर त्याचं वजन आणि तळाचं वजन मिळून दर चौरस मीटरला ११०० किलोच्या वर जातं, आणि खालून साडेतीन फुटांपर्यंत चढलेलं भूजल ते तोलून धरतं. तुमचा तळ अडीच फूटच उतरता आहे, त्यामुळे हे पाणी पाचरीच्या आकारात उथळ टोकापर्यंत पसरतं आणि बरोबर सोळा हजारांच्या आसपास भरतं. पंपाचा सक्शन पाइप तळापासून अडीच फूट वर ठेवा, म्हणजे लक्षात ठेवायची गरजच नाही. पोळ्याला विहिरीचं पाणी जमिनीपासून तीन-चार फुटांवर येत असेल तर मात्र हा आकडा पुरणार नाही, तेव्हा इंजिनिअरला दाखवा.

बुजवायचं असेल तर, म्हणजे भिंत विटांची निघाली, तळ तडकला, किंवा आणखी एक टाकी सांभाळायचा तुम्हाला कंटाळा असेल तर, ते असं.

आधी वायरमनकडून पुलाच्या दिव्यांची आणि पंपाची लाइन मुख्य बोर्डापासून तोडून घ्या. पंप, सँड फिल्टर, स्टीलची शिडी, दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर यांना गिऱ्हाईक मिळतं, ते मलब्यात जाऊ देऊ नका. पाणी काढण्याआधी आठवडाभर क्लोरीन टाकू नका, उन्हात ते उडून जातं. मग टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर बुडवा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं आटून-आटून क्षार वाढलेले असतात, आणि मिठाच्या यंत्राने क्लोरीन करणारा पूल असेल तर टीडीएस तीन हजारांच्या वर मिळतो. हजाराच्या आत असेल तर झाडांना एकदोनदा द्यायला हरकत नाही. दोन हजारांच्या वरचं पाणी केळी-लिंबूला देऊ नका, काळ्या जमिनीत मुरवू नका. जमीन चोपण व्हायला असंच पाणी कारण ठरतं. कसंही असलं तरी सगळं पाणी एका दिवसात घराशेजारी सोडायचं नाही, तीन-चार दिवसांत लांब न्यायचं.

जेसीबी बोलावताना तिचं वजन आठ टनांच्या घरात असतं हे लक्षात ठेवा. रिकाम्या पुलाच्या काठावर तिला उभी केली तर भिंत आत येते. पुलाच्या खोलीइतकं तरी अंतर ठेवून काम करायचं, काठाचं काम हातब्रेकरने. भिंतीचा वरचा अडीच फुटांचा पट्टा तोडून काढा, सळई वेगळी करून भंगारात द्या, तुकडे सहा इंचांपेक्षा मोठे नकोत. हा मलबा दीडएक ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) निघतो, तो तळाला पसरायला चालतो. बाहेरून आलेला मलबा नको. त्यात लाकूड, थर्माकोल, पीओपी, प्लॅस्टिकच्या गोण्या असतात, लाकूड सडलं की तिथे पोकळी.

तळ फोडताना थोडं डोकं लागतं. नेहमीचा सल्ला असतो, पाच-सहा फुटांवर फूटभर व्यासाची भोकं पाडा, पाणी मुरेल. मुरमाड जमिनीत हे पुरतं. तुमच्या तळाखाली काळी माती असेल तर तिच्यात पाणी मुरत नाही, नुसती ती फुगते. मघाचं हाताचं बोअर आणखी खोल नेलं की ते इथे उपयोगी पडतं. तळापासून पाच-सात फुटांत मुरूम लागत असेल तर खोल टोकाला दोन-तीन ठिकाणी नऊ इंची बोअर मुरमापर्यंत नेऊन ४० मिलिमीटर खडीने भरा. मुरूम फार खोल असेल तर भोकं पाडा, पण त्यांच्यावर विसंबू नका. वरून पाणी आत येणारच नाही याची तयारी जास्त महत्त्वाची. दोन्ही बाबतींत सर्वांत खोल कोपऱ्यात सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करा, खालच्या दोन फुटांना भोकं आणि भोवती जाळी, वरचं तोंड जमिनीच्या वर, झाकणासह. पावसाळ्यात काठी घालून पाणी बघता येतं आणि साचलंच तर छोटा पंप सोडून उपसता येतं.

भराईचं माप: कोपिंगपर्यंतची सहा इंचांची मोकळी जागा आणि तोडलेल्या भिंती धरून खड्डा साधारण २५ ब्रासचा होतो. तळाला नऊ इंच खडी, साडेतीन ब्रास. तिच्यावर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे मुरूम खडीत उतरत नाही. वर दाबलेला मुरूम साडेतेरा ब्रास, म्हणजे सुटा सतराच्या आसपास मागवावा लागतो. शेवटचा दीड फूट पोयट्याचा, सुटा सात-आठ ब्रास. ट्रॉली आली की आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून शंभरने भागा. १० बाय ६ बाय दीड फुटांची ट्रॉली ९० घनफुटांची असते, एक ब्रासची नव्हे. मुरमाच्या गाडीला गौण खनिजाची रॉयल्टी पावती लागते, ती गाडीवाल्याकडून मागून घ्या. शेजारच्या शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून भराईत टाकू नका.

मुरूम आठ इंचांच्या थराने टाकायचा आणि दाबून सहा इंचांवर आणायचा. ओल किती हवी? मुठीत दाबला की गोळा टिकावा, पण हाताला चिखल लागू नये. मधल्या भागाला प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर, भिंतीलगत रॅमर नाहीतर हाताची धुमस. खचतं ते नेहमी भिंतीलगतच, कारण तिथे यंत्र पोचत नाही आणि मजूर कंटाळतो. विटांच्या भिंती असतील तर चारी बाजूंनी एकाच पातळीवर भरत जा, एका टोकाने ढकलत नेऊ नका. अशा थरांना आठ-दहा दिवस लागतात. ठेकेदाराचे दोन दिवस आणि हे दहा, भावातला फरक इथेच आहे. म्हणून दर ठरवताना थरांची जाडी आणि दाबण्याचं यंत्र कागदावर लिहून घ्या.

वरचा भाग मधोमध तीन-चार इंच उंच ठेवा, घराकडून बाहेर दर पाच फुटांना इंचभर उतार द्या. पेव्हर ब्लॉक लावायचे तर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. गाडी उभी करायला चालेल, खोली बांधायला चालणार नाही. आंबा, कडुनिंब, वड-पिंपळ नको, खाली काँक्रीट आहे. हिरवळ, कढीपत्ता, मोगरा, एखादं लिंबू खुशाल लावा. रोज पाणी पिणारी हिरवळ मात्र घराच्या बाजूला नको, पलीकडच्या अर्ध्यात लावा.

निर्णय होईपर्यंत आत्ताचं हिरवं पाणी असं सांभाळा. उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. क्लोरीन पूर्ण उडालं की दोनशे-अडीचशे गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात किंवा हिवताप कार्यालयात चौकशी करा, तिथे ते मिळतात. काठची शेवाळ महिन्यातून एकदा घासा, मासे तिच्या आड पोचत नाहीत. आणि भोवती चार फूट उंच जाळीचं कुंपण, फाटकाला वरच्या बाजूला कडी. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही आणि फरशी साबणासारखी निसरडी असते, त्यामुळे पडलेलं मूल किंवा वासरू स्वतःहून वर येऊ शकत नाही. हे काम या आठवड्यात करा, बादली आणि विहिरीचे आकडे सावकाश कळवा.